घरगुती रंधायंत्र व हाताचें रक्षण

शेतकऱ्याच्या घरीं लाकडाचें काम कधींच संपत नाहीं. गोठ्याचें दार, धान्याच्या खोलींतील फळ्या, मधमाश्यांच्या पेट्या, घराची चौकट, अशा अनेक वस्तूंस सारख्या जाडीची फळी लागते. पूर्वीं हें काम गांवचा सुतार बलुत्याच्या नात्यानें करून देई. ती व्यवस्था बहुतेक ठिकाणीं आतां उरलेली नाहीं. बांधावरचा साग किंवा बाभूळ रीतसर परवानगी काढून तोडावा, गिरणींतून चिरून आणावा आणि फळ्या घरच्या घरीं गुळगुळीत कराव्या, असें अनेकांस वाटूं लागलें आहे. त्यासाठीं लागणारें लहान रंधायंत्र, ज्यास बाजारांत थिकनेस प्लेनर म्हणतात, तें आतां खोक्यांत बसून घरपोंच येतें. यंत्र येतें, पण तें चालविण्याचें शिक्षण त्याबरोबर येतेंच असें नाहीं. म्हणून या यंत्राची रचना, त्यांतील धोका आणि तो टाळण्याची रीत यांविषयीं येथें थोडें विस्तारानें लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

यंत्राची रचना

या यंत्रांत खालीं एक सपाट लोखंडी मेज असतें. मेजाच्या वर, झांकणाच्या आंत, एक आडवा रूळ असून त्यावर दोन किंवा तीन लांब पातीं बसविलेलीं असतात. या पात्यांच्या रुळाच्या पुढें एक व मागें एक असे दोन ओढ-रूळ असतात. फळी पुढच्या ओढ-रुळाखालीं जातांच तो तिला पकडून आंत ओढतो, पातीं वरचा पापुद्रा काढतात आणि मागचा ओढ-रूळ फळीस बाहेर ढकलतो. पातीं व मेज यांमधील अंतर कमीजास्त करून फळीची जाडी ठरवितां येते. घरगुती यंत्रांत साधारणतः १२ ते १३ इंच रुंदीची फळी जाते.

याच जातीचें दुसरें एक यंत्र सुतारांकडे असतें, त्यास सरफेस प्लेनर म्हणतात. त्यांत पातीं मेजाच्या पृष्ठभागीं उघडीं असतात आणि फळी हातानें त्यांवरून सरकवावी लागते. अनेक ठिकाणीं अशा रंध्याच्याच दांड्यावर गोल करवतही बसविलेली आढळते. नवशिक्यानें हीं जोडयंत्रें घरीं आणूं नयेत, असें आमचें स्पष्ट मत आहे. त्या मानानें थिकनेस प्लेनर अधिक सुरक्षित, कारण त्याचीं पातीं झांकलेलीं असतात. पण याच कारणामुळें माणूस निर्धास्त होतो आणि अपघात घडतो.

धोका कोठें आहे?

कडबाकुट्टी यंत्र ज्यांनीं चालविलें आहे, त्यांस हा धोका समजावून सांगण्याची फारशी गरज नाहीं. कुट्टीयंत्रांतील घास ओढणारे रूळ वैरण आणि हात यांत भेद जाणत नाहींत. अडकलेली पेंढी ढकलण्यास पुढें केलेला हात त्यांनीं पुष्कळांचा नेलेला आहे. मळणीयंत्रानेंही अनेक कुटुंबांतील कर्त्या पुरुषांस व मजूर स्त्रियांस अपंग केलें, आणि अशा यंत्रांच्या नियमनासाठीं १९८३ सालीं केंद्र सरकारला निराळा कायदा करावा लागला. रंधायंत्रांतील ओढ-रूळ हे याच जातीचे आहेत.

थोडा हिशेब करून पाहूं. लहान यंत्रांत फळी मिनिटास सुमारें २० ते २५ फूट वेगानें आंत जाते, म्हणजे एका सेकंदास चार ते पांच इंच. ओढ-रूळ व पातीं यांमधील अंतर थोड्याच इंचांचें असतें. पात्यांचा रूळ मिनिटास ८,००० ते १०,००० फेरे घेतो. दोन पातीं धरलीं तरी सेकंदास अडीचशेंहून अधिक घाव पडतात. बोट किंवा बाही रुळांत सांपडल्यावर ‘अरे’ म्हणण्यास जेवढा वेळ लागतो, तेवढ्यांत सर्व उरकतें. तेव्हां सांपडल्यावर हात काढून घेऊं, ही समजूत मनांतून काढून टाकावी. हात सांपडूंच न देणें हाच एक उपाय आहे.

दुसरा धोका फळी उलट फेंकली जाण्याचा. पातीं फळीच्या गतीच्या विरुद्ध दिशेनें फिरतात. त्यामुळें ओढ-रुळाची पकड सुटली कीं फळी किंवा तिचा तुकडा आला त्याच वाटेनें वेगानें परत येतो. फळीच्या मागें उभ्या असलेल्या माणसाच्या पोटावर किंवा तोंडावर तो आदळतो.

लाकडाची पारख

निम्मे अपाय लाकूड नीट पारखल्यानें टळतात. जुन्या वाड्याच्या तुळया, गाडीच्या फळ्या किंवा कुंपणाचे खांब घेतल्यास त्यांत मोडलेले खिळे व तारेचे तुकडे दडलेले असतात. चुंबक फिरवून, काळे डाग पाहून ते शोधावेत व काढावेत; संशय उरल्यास तें लाकूड यंत्रांत घालूं नये. खिळ्यानें तुटलेल्या पात्याचा तुकडा गोळीसारखा उडतो. माती व वाळू तारेच्या ब्रशानें झाडून टाकावी, कारण तिच्यामुळें पात्यांची धार क्षणांत जाते. जुन्या रंगांत शिसें असण्याचा संभव असल्यानें रंगविलेलें लाकूड रंधूं नये.

हलणारी गाठ, आरपार भेग किंवा वाळवीनें पोखरलेला भाग असल्यास तो आधीं कापून टाकावा. ओली फळी घालूं नये. ती रुळांत घसरते, तिचे तंतू उपटतात आणि वाळल्यावर ती पुन्हां वाकडी होते. चिरलेल्या फळ्या सावलींत, मध्यें सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून रचाव्या व वाळूं द्याव्या. इंचभर जाडीस सुमारें एक वर्ष हा जुना ठोकताळा आहे. आपल्या कोरड्या भागांत पातळ फळ्या त्याहून लवकर वाळतात, दमट कोंकणांत वेळ लागतो.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. हें यंत्र वाकडी फळी सरळ करीत नाहीं. ओढ-रूळ तिला दाबून सपाट करतात, पातीं वरून सारखा पापुद्रा काढतात, आणि बाहेर पडतांच फळी पुन्हां पूर्ववत् वाकते. यासाठीं एक बाजू आधीं हातरंध्यानें सपाट करून तीच खालीं ठेवावी. डुलणारी फळी ही घसरणारी फळी होय.

फार आंखूड तुकडा तर कधींच घालूं नये. दोन्ही ओढ-रुळांमधील अंतराहून तो लहान असला, तर मध्यें त्यास कोणाचीच पकड राहत नाहीं व तो वळून फेंकला जातो. यंत्राच्या माहितीपत्रकांत किमान लांबी दिलेली असते. बहुधा ती १२ ते १४ इंचांच्या आसपास असते. आंखूड तुकडेच हवे असतील तर लांब फळी रंधून मग कापावी.

जागा व वीज

यंत्र पक्क्या, न हलणाऱ्या मेजावर बोल्टानें आवळावें. फळी जेवढी लांब, तेवढी मोकळी जागा यंत्राच्या पुढें व मागें असावी. लांब फळीस दोन्हीकडे मेजाच्या उंचीचा आधार द्यावा, म्हणजे ती लोंबत नाहीं व तिच्या टोंकास खोल खड्डाही पडत नाहीं. उजेड भरपूर असावा, जमीन कोरडी असावी आणि पायांत कीस सांचूं देऊं नये.

यंत्रास स्वतंत्र, जाड तारेची जोडणी, उत्तम अर्थिंग व गळती होतांच प्रवाह तोडणारी कळ असावी. बारीक तारेच्या लांब जोडवायरीवर किंवा दाब फार कमी असतांना यंत्र चालवूं नये. मोटर तापते व फळी मध्येंच अडकते. तीन फेजचें यंत्र असल्यास, पंपाप्रमाणेंच, फेज बदलले तर मोटर उलट फिरते. म्हणून जोडणींत कांहीं फेरफार झाला असेल तर फळी घालण्यापूर्वीं यंत्र रिकामें चालवून दिशा पाहावी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट भारनियमनाची. काम चालू असतां वीज जाते, फळी आंत अडकून राहते, आणि माणूस ती काढण्यासाठीं झांकण उघडतो. त्याच क्षणीं वीज परत आली तर काय होईल, हें सांगावयास नको. म्हणून वीज जातांच प्रथम कळ बंद करून प्लग काढावा, मग यंत्रास हात लावावा. वीज गेल्यावर आपोआप सुटणारी व हातानें दाबल्याखेरीज पुन्हां न लागणारी कळ असलेलेंच यंत्र घ्यावें. विहिरीवरील पंपास आपण जो ऑटो स्विच बसवितों, तो या यंत्रास कदापि बसवूं नये.

पोशाख

लोंबणारें कोणतेंही वस्त्र यंत्राजवळ नसावें. उपरणें, धोतराचा सोगा, साडीचा पदर, सुटी बाही, गळ्यांतील माळ, हातांतील कडें किंवा अंगठी, हीं सर्व दूर ठेवावीं; लांब केस घट्ट बांधावे. यंत्र चालू असतां हातमोजे घालूं नयेत, कारण मोज्याचा धागा रुळांत गेला कीं हात त्यामागें जातो. डोळ्यांस चष्मा मात्र अवश्य असावा.

फळी घालण्याची रीत

प्रथम फळीची सर्वांत जाड जागा मोजून त्या मापावर यंत्र ठेवावें. एका खेपेस एक मिलिमीटरच्या आंत कापावें. रुंद किंवा कठीण लाकडास याच्या निम्मेंच. घाईनें खोल काप घेतल्यास मोटर अडखळते व फळी उलटण्याचा संभव वाढतो. कडेनें पाहिलें असतां तंतू प्रथम शिरणाऱ्या टोंकाकडून मागच्या टोंकाकडे चढत गेलेले असावेत. लाकूड उपटूं लागल्यास फळी दुसऱ्या टोंकाकडून घालावी.

यंत्र पूर्ण वेगावर आल्यावर, फळीच्या रेषेंत न राहतां एका बाजूस उभें राहावें, फळी मेजावर सपाट ठेवावी, आणि रुळानें पकडतांच हात सोडावा. बोटें फळीच्या खालीं किंवा मेजाच्या कडेशीं ठेवूं नयेत. मग शांतपणें मागच्या बाजूस जाऊन बाहेर येणारी फळी झेलावी, ओढूं नये. निरनिराळ्या जाडीच्या दोन फळ्या शेजारीं शेजारीं घालूं नयेत, कारण रूळ जाड फळीस धरतो व पातळ फळी मोकळी राहून फेंकली जाते. मोठ्या यंत्रांत फळी मागें न जाऊं देणारे लोंबते दांते असतात. ते डिंकानें चिकटलेले नाहींत ना, हें रोज पाहावें.

फळी अडली तर वांकून आंत पाहूं नये, काठी घालूं नये, दुसऱ्या फळीनें ढकलूं नये. कळ बंद करावी, प्लग काढावा, रूळ पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहावी, मग मेज व पातीं यांमधील अंतर वाढवून फळी काढावी. पातीं बदलतांनाही हाच क्रम पाळावा. तेवढ्यापुरते मात्र जाड चामडी मोजे घालावेत. बोथट पातीं वापरून काटकसर होत नाहीं. त्यांनीं लाकूड जळतें व फळी अडते.

धूळ व आवाज

बोट तुटणें दिसतें. फुप्फुस व कान बिघडणें दिसत नाहीं. लाकडाची धूळ माणसांत कर्करोग निर्माण करते, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें १९९५ सालीं प्रसिद्ध केला; विशेषतः नाकाच्या आंतील कर्करोगाशीं तिचा संबंध आढळला आहे. साग व शिसव यांच्या धुळीनें कित्येकांस त्वचेची खाजही सुटते. नाकातोंडास एन-९५ जातीचा मुखपट्टा बांधावा, यंत्रास धूळ ओढणारी नळी जोडावी. या यंत्राचा आवाज कानांस अपाय करण्याइतका मोठा असतो, म्हणून कानांवर बोंडें किंवा झांकण घालावें. जवळ विडी ओढूं नये. कोरडा कीस चटकन पेट घेतो. स्वच्छ लाकडाचा कीस गुरांखालीं किंवा कोंबड्यांच्या घरांत अंथरण्यास उपयोगी पडतो. रंग किंवा वाळवीचें औषध लागलेल्या लाकडाचा मात्र त्यासाठीं वापरूं नये.

अपघात झाल्यास

जखमेवर स्वच्छ फडकें घट्ट दाबून हात उंच धरावा. तुटलेलें बोट ओलसर स्वच्छ कापडांत गुंडाळून प्लास्टिकच्या बंद पिशवींत घालावें आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यांत ठेवावी. बोट प्रत्यक्ष बर्फास लावूं नये. हळद, चुना, तंबाखू कांहीं न लावतां ताबडतोब १०८ क्रमांकावर बोलवावें व शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयांत जावें. यासाठीं काम करतांना दुसरें जाणतें माणूस हांकेच्या अंतरावर असावें.

मुलांस यंत्राजवळ येऊं देऊं नये आणि काम संपल्यावर प्लग काढून खोलीस कुलूप लावावें. दिवसभर शेतांत राबून आल्यावर, रात्रीं किंवा नशेंत यंत्र सुरू करूं नये. कारखान्यांत यंत्रास कुंपण आहे कीं नाहीं हें पाहण्यास निरीक्षक येतो. आपल्या पडवींत कोणी येत नाहीं. तेथें मालक, कामगार व निरीक्षक हे तिन्ही आपणच. फळी एक दिवस उशीरा तयार झाली तर दार एक दिवस उशीरा बसेल. परंतु ज्या हातावर नांगरणी, पेरणी व घरचें पोट अवलंबून आहे, तो बाजारांत विकत मिळत नाहीं, एवढें शेतकरी बंधूंनीं ध्यानांत ठेवावें अशी आमची विनंति आहे.