टाकी कुठे भरावी?

पेट्रोल-डिझेलचे दर 16 जून 2017 पासून देशभर रोज सकाळी सहाला ठरतात. प्रत्यक्षात ते महिनोन्‌महिने हलत नाहीत असेही होते, निवडणुका जवळ आल्या की तर ते सहसा वाढत नाहीतच. त्यामुळे ‘उद्या वाढणार’ म्हणून रात्री पंपावर रांग लावण्यात फारसा अर्थ नसतो.

खरा फरक पडतो तो गावागावांत. पेट्रोल जीएसटीबाहेर आहे. केंद्राचे उत्पादन शुल्क सगळीकडे सारखेच, पण त्यावर प्रत्येक राज्य आपापला व्हॅट लावते. गोव्यात 2012 साली मुख्यमंत्री मनोहर पर्रीकरांनी तो जवळपास काढूनच टाकला, तेव्हा पेट्रोल एका फटक्यात अकरा रुपयांच्या आसपास उतरले होते. आजही तिथला दर महाराष्ट्रापेक्षा कमीच, म्हणून सीमेलगतच्या बांद्याची मंडळी पत्रादेवीची हद्द ओलांडून टाकी भरतात. राज्यातल्या राज्यातही वाहतूक खर्चाने दर बदलतो. परभणीला इंधन लांबच्या मनमाड डेपोतून येते. तिथला दर चढा असल्याची ओरड जुनीच आहे.

मुद्दाम वाट वाकडी करण्याआधी मात्र हिशोब करावा. लिटरमागे आठ रुपये वाचत असतील, तर 30 लिटरला 240 रुपये होतात. त्यासाठी जाऊन-येऊन 30 किलोमीटर जास्त पडले आणि गाडी लिटरला 15 देत असेल, तर दोन लिटर, म्हणजे दोनशेच्या घरात, वाटेतच जळाले. दुचाकीच्या छोट्या टाकीला तर हा उद्योग आतबट्ट्याचाच.

टाकी कुठेही भरली, तरी मापाबद्दल शंका आली, तर पंपावरच्या प्रमाणित पाच लिटरच्या मापात इंधन मोजून मागता येते.