गोळीतले संप्रेरक आणि पाण्यातले जिवाणू

गर्भनिरोधक गोळीतले एथिनिल एस्ट्रॅडिऑल हे कृत्रिम संप्रेरक लघवीवाटे बाहेर पडते, तेव्हा त्याचा बराचसा भाग निष्प्रभ असतो. यकृताने त्याला शर्करेपासून बनलेले एक आम्ल जोडलेले असते. पण सांडपाण्यातल्या ई. कोलायसारख्या जिवाणूंकडे हा जोड तोडणारे विकर असते. जोड तुटला की संप्रेरक पुन्हा प्रभावी होते.

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात संशोधकांनी २००१ ते २००३ या काळात क्रमांक २६० च्या सरोवरात हे संप्रेरक मुद्दाम मिसळले. प्रमाण लिटरमागे जेमतेम ५ ते ६ नॅनोग्रॅम! फॅटहेड मिनो माशाच्या नरांमध्ये मादीच्या अंड्यांसाठी लागणारे प्रथिन तयार होऊ लागले आणि ती जात सरोवरातून जवळजवळ संपली. शेवाळ आणि सूक्ष्मजीवांची संख्या मात्र घटली नाही. एवढ्यावरून निर्धास्त होऊ नये. छोटे मासे गेल्यावर त्यांचे भक्ष्य असलेले प्राणिप्लवक वाढले, म्हणजे अन्नसाखळीचा तोल ढळलाच.

हे प्रदूषण निस्तरायलाही जिवाणूच लागतात. शरीरात तयार होणारे नैसर्गिक एस्ट्रॅडिऑल हे जिवाणू प्राणवायू असलेल्या पाण्यात लवकर फस्त करतात. गोळीतले चिवट असते, आणि प्राणवायू नसलेल्या गाळात तर फारच टिकते. सांडपाणी प्रक्रिया केंद्रात अमोनियावर जगणारे जिवाणू त्याचे विघटन करू शकतात, पण ते सावकाश वाढतात. त्यांना भरपूर हवा आणि टाकीत पुरेसे दिवस मिळायलाच हवेत. वीज वाचवण्यासाठी हवेचे पंप बंद ठेवणे ही काटकसर नव्हे, नदीचे नुकसान आहे.