शीत वाळवंटातील जुनी घरे आणि त्यांचे उष्णतारोधन

वाळवंट म्हटले की तापलेली वाळू आणि अंगाची लाही करणारे ऊन डोळ्यांपुढे येते. परंतु वाळवंट ठरते ते पाण्याच्या अभावामुळे, उष्णतेमुळे नव्हे. लडाखमधील लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर वसले आहे आणि तेथे वर्षभरात पडणारे पाणी सरासरी १०० मिलिमीटरच्या आसपास भरते. कोकणात आषाढातील एखाद्या दिवसात एवढा पाऊस सहज पडून जातो. या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीवरील दाबाच्या दोन-तृतीयांश इतकाच असतो. हवा विरळ, त्यातून कोरडी. त्यामुळे दिवसा सूर्यकिरणांना अडथळा नाही आणि रात्री जमिनीतून निघणाऱ्या उष्णतेलाही नाही. जानेवारीत रात्रीचे तपमान शून्याखाली १५-२० अंश सेंटिग्रेडपर्यंत उतरते; द्रास आणि चांगथांग या भागांत ते त्याहूनही खाली जाते. उलट जुलैमधील दुपारी लेह येथे तपमापक ३० अंशांजवळ पोहोचतो. एकाच घराला ही दोन्ही टोके सोसावी लागतात.

तेथील जुने खेड्यातले घर आपल्याकडील मराठवाडा-सोलापूर भागातील धाब्याच्या घराशी पुष्कळसे नाते सांगते. जोते आणि खालचा भाग दगडाचा. वर उन्हात वाळविलेल्या कच्च्या विटांची किंवा ठोकून बसविलेल्या मातीची भिंत. तिची जाडी हातभर. छपरासाठी पॉपलरच्या तुळया, त्यांवर विलोच्या काटक्या दाटीने मांडलेल्या, त्यांवर वाळलेल्या गवताचा थर आणि सर्वांत वर माती. खालच्या मजल्यावर गुरे व शेळ्यामेंढ्या असतात आणि त्यांच्या अंगाची ऊब वरच्या खोलीला मिळते. गच्चीच्या कठड्यावर चारा आणि जळण रचून ठेवलेले असते. हिवाळ्यात सारे कुटुंब एका खोलीत, बहुधा स्वयंपाकघरात, चुलीभोवती गोळा होते. घराचे उरलेले दालन थंडीला सोडून द्यावयाचे, हीच तेथील जुनी आणि शहाणपणाची युक्ती होय.

तरीही ही खोली उबदार असते असे म्हणता येणार नाही. चूल विझली की मध्यरात्रीनंतर आतील पाणी गोठते. रात्रभर चूल पेटती ठेवावी तर जळण कोठून आणावयाचे? झाडे ओढ्यांच्या काठी तेवढी. म्हणून मुख्य जळण म्हणजे गाय, याक आणि झो यांचे शेण. ते गोळा करणे, वाळविणे, वाहून आणणे हे काम बहुतांशी स्त्रियांकडे आणि मुलांकडे असते. आणि जे शेण चुलीत गेले ते शेतात गेले नाही हेही उघड आहे. (शेतासाठी खत मिळावे म्हणून तेथे घराच्या वरच्या मजल्यावर कोरड्या शौचकूपाची योजना असते, त्यात माती व राख टाकून खत तयार करतात.) रॉकेल, कोळसा आणि गॅस बाहेरून येतो, पण उंच खिंडींतील रस्त्यांनी, आणि तो मुख्यतः उन्हाळ्यातच साठवून ठेवावा लागतो. धुराने भरलेल्या बंद खोलीत चार-पाच महिने काढणाऱ्या माणसाच्या डोळ्यांचे आणि फुप्फुसांचे काय होत असेल, हे वेगळे सांगावयास नको.

हातभर जाडीची भिंत असूनही घर थंड का पडते? या प्रश्नाचे उत्तर समजण्यासाठी पदार्थाचे दोन निराळे गुण ध्यानात घेतले पाहिजेत. ते नेहमी एकच समजले जातात आणि तेथेच सारा घोटाळा होतो. उष्णता साठवून ठेवणे हा एक गुण आणि तिला जाऊ न देणे हा दुसरा. भरीव मातीत पहिला गुण उत्तम असतो. दिवसा तापलेली भिंत आपली ऊब पुष्कळ तासांनंतर परत देते; म्हणूनच उन्हाळ्यात, जेव्हा दिवस गरम आणि रात्र थंड असते, तेव्हा मातीचे घर दोन्ही वेळी सुखावह वाटते. परंतु जानेवारीत बाहेरचे तपमान दिवसरात्र आतल्यापेक्षा पुष्कळच कमी असते. अशा वेळी उष्णता सतत एकाच दिशेने, आतून बाहेर, वाहत राहते. भिंत तिला उशीर लावते, अडवीत नाही.

उष्णता अडविते ती स्थिर हवा. लोकर, पेंढा, लाकडाचा भुसा, पिसे यांत असंख्य बारीक पोकळ्यांत हवा कोंडलेली असते. ती हलू शकत नाही, म्हणून हे पदार्थ उष्णतेचे अत्यंत मंदवाहक असतात. गोधडी ऊब देते ती स्वतः तापून नव्हे, तर थरांमध्ये हवा धरून ठेवते म्हणून. या दृष्टीने हिशेब केला तर विस्मयकारक गोष्ट दिसते. ४५ सेंटिमीटर जाडीची कच्च्या विटांची भिंत उष्णतेला जेवढा अडथळा करते, जवळजवळ तेवढाच अडथळा ४ सेंटिमीटर कोरड्या, दाबून भरलेल्या पेंढ्याचा होतो! अशा भिंतीला बाहेरून १० सेंटिमीटर पेंढ्याचा थर दिला, तर तीतून निसटणारी उष्णता सुमारे एक-तृतीयांशावर येते.

हा थर आत द्यावा की बाहेर? बाहेर, हे उत्तर शक्य तेथवर खरे. मंदवाहक थर बाहेर असला म्हणजे मातीची भिंत उबेच्या बाजूला राहते, दिवसाची उष्णता साठविते आणि ती रात्री खोलीलाच परत देते. थर आतून दिला तर खोली लवकर तापते खरी, पण साठवण गमावल्यामुळे चूल विझताच लवकर थंडही होते. व्यवहारात उत्तर आणि पश्चिम बाजूंना जुन्या भिंतीपासून थोडे अंतर सोडून कच्च्या विटांची एक पातळ भिंत उभी करतात आणि मधल्या पोकळीत पेंढा, भुसा किंवा सुताराकडील लाकडाचा कीस भरतात. पेंढा हा गुरांचा चारा असल्यामुळे त्याची टंचाई नेहमीचीच. तेव्हा जनावरे न खाणारे जाडेभरडे गवत आणि भुसा यांकडे आधी वळावे हे बरे.

भिंतीच्याही आधी मात्र फटी आणि छप्पर पाहिले पाहिजे. खिडकीच्या चौकटीभोवतीच्या भेगेतून आणि दाराखालून शिरणारा वारा साऱ्या उष्णतारोधनावर पाणी फिरवितो. मातीच्या गिलाव्याने भेगा बुजविणे, दाराला लोकरी नमद्याची पट्टी लावणे आणि दारापुढे एक छोटी बंदिस्त देवडी बांधणे, यांस खर्च जवळजवळ नाहीच. तापलेली हवा वर चढते. म्हणून तुळयांखाली कापड किंवा फळ्या ठोकून वरच्या पोकळीत भुसा भरला तर फार थोड्या श्रमांत मोठा लाभ होतो. छपराच्या वर नवा जड थर चढविणे मात्र धोक्याचे. जुन्या तुळया आधीच वाकलेल्या असतात आणि हा प्रदेश भूकंपप्रवण आहे.

कोरडेपणा हा या साऱ्याचा प्राण होय. पोकळीत हवेऐवजी पाणी शिरले की ते स्थिर हवेच्या वीसपटीहून अधिक वेगाने उष्णता वाहते. हे पाणी वरून येते तसेच आतूनही येते: स्वयंपाकाची वाफ आणि माणसांचा श्वास भिंतीत झिरपून थंड पेंढ्यात गोठतो. म्हणून वाफ अडविणारा थर, मग तो दाट गिलावा असो वा प्लास्टिकचा कागद, नेहमी उबेच्या बाजूला असावा आणि बाहेरची बाजू श्वास घेणारी असावी. बाहेरून सिमेंटचा गिलावा करणे म्हणूनच अहितकारक. तो दिसतो पक्का, पण ओल आत कोंडतो. ऑगस्ट २०१० मध्ये लेह परिसरात ढगफुटी झाली, त्या वेळी कच्च्या बांधकामाची पाण्यापुढे काय अवस्था होते हे सर्वांनी पाहिले.

ऊब राखण्याबरोबर ती मिळविण्याचाही प्रश्न आहे, आणि येथे निसर्ग उदार आहे. लडाखमध्ये हिवाळ्यातही आकाश बहुधा निरभ्र असते. लेहच्या अक्षांशावर २१-२२ डिसेंबरच्या माध्यान्ही सूर्य क्षितिजापासून सुमारे ३२ अंशच वर असतो, तर जूनमध्ये तो ७९ अंशांपर्यंत चढतो. त्यामुळे दक्षिणेच्या उभ्या काचेतून हिवाळ्यात ऊन खोलवर शिरते आणि उन्हाळ्यात छपराच्या छोट्याशा पुढाव्यानेही अडते. दक्षिणेकडील भिंत काळी रंगवून तिच्यापुढे काच बसविण्याची कल्पना अमेरिकेतील एडवर्ड मोर्स यांनी १८८१ मध्ये पेटंट केली होती; फ्रान्समधील ओदेयो येथे फेलिक्स त्रोंब व वास्तुशिल्पी जाक मिशेल यांनी १९६७ मध्ये ती घरात उतरविली. लडाखमध्ये ही ‘त्रोंब भिंत’ आज परिचयाची झाली आहे. लेहजवळील फे येथे सेकमोल या संस्थेने ठोकून बसविलेल्या मातीच्या दक्षिणाभिमुख इमारती बांधल्या असून हिवाळ्यात त्यांच्यापुढे प्लास्टिकचे आच्छादन लावतात व उन्हाळ्यात काढून ठेवतात. खेड्यांतील घरे सौर उष्णतेस अनुकूल करण्याच्या कार्यासाठी जेरेस या संस्थेस २००९ मध्ये ॲशडेन पारितोषिक मिळाले. तथापि काचेची खोली दिवसा जेवढी तापते तेवढीच रात्री निवते. सूर्य मावळताच जाड लोकरी पडदा ओढला नाही, तर दिवसाची सारी मिळकत काचेवाटे परत जाते.

फटी बुजविलेल्या खोलीत बुखारी पेटवावयाची असेल तर एक सावधगिरी अपरिहार्य आहे. विरळ हवेत ज्वलन अपुरे होते आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस जागा होत नाही. म्हणून धुरांडे दर हिवाळ्यापूर्वी साफ केलेले असावे, बुखारीला बाहेरून ताजी हवा पुरविणारी नळी असावी आणि झोपण्यापूर्वी विस्तव पूर्ण विझवावा. उघड्या शेगडीत निखारे ठेवून दार लावून झोपणे हे तर सर्वथा वर्ज्य.

हे काम करावयाचे केव्हा? ओला गिलावा वाळण्याआधी गोठला तर सुटून पडतो. म्हणून मातीचे सारे काम थंडी पडण्यापूर्वी संपले पाहिजे. पण नेमक्या त्याच महिन्यांत जवाची कापणी व मळणी चालू असते आणि घरात हात मोकळे नसतात. अनुभवी कुटुंबे यामुळे काम वाटून घेतात: पहिल्या वर्षी फटी आणि हिवाळी खोलीचे छत, पुढच्या वर्षी उत्तरेची भिंत, दक्षिणेची काच पैसे जमतील तेव्हा.