पुण्याचा फोन दुबईत चालतो कसा?

अमिरातीत जीएसएम मोबाइल तंत्रज्ञान १९९४ साली आलं, तेव्हा ९०० मेगाहर्ट्झची एक पट्टी सांभाळली की भागायचं. २०१८ मध्ये तिथल्या एतिसलात कंपनीने फाइव्ह-जी सुरू केलं. आज दुबईत उतरलेल्या आपल्या फोनला साधारण ८०० पासून ३,५०० मेगाहर्ट्झपर्यंत सगळं जमावं लागतं, तेही बोटभर अँटेनावर!

इथे कामाला येतं ते ट्यूनेबल, म्हणजे वारंवारता बदलता येणारं, सर्किट. कॉइल आणि कपॅसिटर मिळून एक वारंवारता ठरते. ती दुप्पट करायची तर कपॅसिटन्स चौथ्या हिश्शावर आणावा लागतो. त्यासाठी एक उपाय म्हणजे व्हॅरॅक्टर डायोड: त्याला उलटा व्होल्टेज वाढवून दिला की त्याचा कपॅसिटन्स घटतो. तंबोऱ्याची खुंटी पिळावी तसंच, फक्त हात न लावता. फोनच्या अँटेनाजवळ मात्र बहुधा छोटे कपॅसिटर इलेक्ट्रॉनिक स्विचने जोडले-तोडले जातात. कारण जास्त पॉवरला व्हॅरॅक्टर सिग्नल बिघडवतो.

आणखी एक गंमत: तुम्ही फोन मुठीत धरलात की अँटेनाचा मेळ बिघडतो, थोडी पॉवर परत फिरते. हेच ट्यूनेबल सर्किट तो मेळ पुन्हा जुळवतं.

नको त्या वारंवारता गाळणारे फिल्टर मात्र अजून हट्टी आहेत. बहुतेक पट्ट्यांना वेगळा, ठरावीक फिल्टर लागतोच. तेवढा धारदार आणि तेवढाच छोटा ट्यूनेबल फिल्टर बनवणं, माझ्या मते, या क्षेत्रातलं सगळ्यात रंगतदार कोडं आहे.