फळ्यावरच्या तीन रेघा

१९८४ साली बोईसरला विज्ञान शिकवायला लागलो, तेव्हा पेशीभोवतीचं प्रद्रव्यपटल काढणं सोपं होतं: फळ्यावर तीन आडव्या रेघा. मधे स्निग्धाचा थर, वर-खाली प्रथिनांचा, सँडविचच. डॅनिएली आणि डॅव्हसन यांची ही १९३५ ची कल्पना. ती १९७२ मध्येच मागे पडली होती, पण माझ्या टिपणवहीपर्यंत ती खबर पोचली नव्हती.

खरी गंमत त्याआधीची, १९२५ ची. हॉलंडात लायडनला गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या पेशींतलं स्निग्ध ॲसिटोनने काढलं आणि पाण्यावर एका रेणूच्या जाडीचं पसरलं. तांबड्या पेशीच का? सस्तन प्राण्यांच्या या पेशींत केंद्रक नाही, आतली पटलं नाहीत. निघेल ते स्निग्ध बाहेरच्या आवरणाचंच. त्याने पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा व्यापली. म्हणजे थर दोन! पुढे कळलं, ॲसिटोनने सगळं स्निग्ध निघालंच नव्हतं आणि पेशीचा पृष्ठभागही त्यांनी कमी धरला होता. दोन चुका एकमेकींत वजा झाल्या, उत्तर बरोबर आलं. माझ्या वर्गात कुणी असं गणित सोडवलं असतं, तर मी पायऱ्यांचे गुण कापले असते.

स्निग्धाचे रेणू असे दोन थरांत का रचले जातात, ते इथल्या मुलांना चटकन कळे. तारापूर एमआयडीसीत साबण-शाम्पूला लागणारी रसायनं बनतात. कुणाचे ना कुणाचे वडील तिथे पाळीला जात. साबणासारखंच इथेही रेणूचं एक टोक पाण्याकडे धावणारं, शेपट्या पाण्यापासून पळणाऱ्या. मग शेपट्या आत, डोकी बाहेर.

तारापूरची अणुवीज १९६९ ला सुरू झाली. पुढच्याच वर्षी फ्राय आणि एडिडिन यांनी माणसाची आणि उंदराची पेशी जोडली. दोघींची प्रथिनं ३७ अंशांवर ४० मिनिटांत सरमिसळ झाली. पटल वाहतं होतं! १९७२ मध्ये सिंगर आणि निकोल्सन यांनी प्रथिनांना या वाहत्या स्निग्धात तरंगत ठेवलं. माझ्या रेघा पुसल्या गेल्या.

१९९१ च्या सुमारास केळव्याच्या वाडीतल्या एका मुलीने विचारलं, ‘‘सर, काकडीला मीठ लावलं की लगेच पाणी सुटतं. मधे तेलाचा थर असेल तर एवढ्या झटपट कसं?’’

‘‘झिरपतं,’’ म्हणालो आणि पुढे सरकलो.

१९९२ मध्ये पीटर ॲग्री यांच्या गटाने, पुन्हा तांबड्या पेशींतच, पाण्यासाठीची प्रथिनाची नळी ओळखली. काकडीतही तसल्या नळ्या असतात. मला हे कळलं २००३ मध्ये, त्यांना नोबेल मिळाल्याची बातमी वाचून. त्या दिवसापासून फळ्यावरच्या पटलात एक नळी जास्त काढू लागलो.