जुनी मोटार, नवे तेल

स्वयंचलित गिअरची वापरलेली मोटार विकत घेतली, तर पूर्वीच्या मालकाने गिअरचे तेल केव्हा बदलले, हे बहुधा कळत नाही. आम्ही ते घरीच बदलले. त्यावरून वाचकांस चार गोष्टी सांगतो. गाडी सपाट जागी भक्कम लोखंडी आधारांवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरवशावर तिच्याखाली शिरू नये. तेल भरण्याचे बूच सुटते याची खात्री झाल्यावाचून खालचे बूच काढू नये. नाहीतर तेल निघून जाते आणि गाडी जागीच अडकते. निघालेले तेल मापून तितकेच, निर्मात्याने नेमून दिलेल्या जातीचे भरावे आणि मग त्याने सांगितलेल्या उष्णतेवर पातळी तपासावी. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये बरेच जुने तेल राहते. म्हणून एका खेपेत समाधान मानू नये. मात्र तेलास जळका वास येत असेल, तर कुशल कारागिरास दाखविणेच श्रेयस्कर.