साथ आणि स्क्रीन – लेखांक ५ : ओटीपीच्या रांगेतली लस

गेल्या आठवड्यात आपण आरोग्य सेतू पाहिले. आज कोविन, म्हणजे कोविड लसीच्या नोंदणीचे सरकारी पोर्टल. तंत्रज्ञान साथीत कुठे कामाला येते आणि कुठे आडवे येते, हे दोन्ही इथे एकाच ठिकाणी दिसते.

१६ जानेवारी २०२१ला लसीकरण सुरू झाल्यापासून डोसांची नोंद कोविनवर होऊ लागली. कोणती लस घेतली, दुसरा डोस कधी, हे देशातल्या कुठल्याही केंद्रावर कळत होते. मुंबईत पहिला डोस घेऊन गावी परतलेल्या कामगाराला दुसरा गावात घेता आला, तो या नोंदीमुळे. केंद्राकेंद्रावरच्या वह्यांना हे कधीच जमले नसते.

गाडे अडले ते १ मे रोजी. १८ ते ४४ वयोगटाला लस खुली झाली, पण ऑनलाइन नोंदणी करून वेळ घेणे सक्तीचे झाले. लस थोडी, मागणारे कोट्यवधी. ते दिवस आठवा : मोबाइल नंबर टाकायचा, ओटीपीची वाट पाहायची, पिनकोड भरायचा, आणि हिरव्या रंगात दिसलेल्या स्लॉटवर बोट टेकेपर्यंत तो दुसऱ्याने घेतलेला असायचा. त्यात सगळे इंग्रजीत. मराठी आली जूनमध्ये. स्लॉट उघडल्याची खबर देणारे टेलिग्राम चॅनल ज्यांच्या हाताशी होते, त्यांनी पुण्या-मुंबईहून गाड्या काढून ग्रामीण केंद्रे गाठली. त्या केंद्राच्या शेजारी राहणाऱ्या, साधा फोन वापरणाऱ्या शेतमजुराला मात्र तिथे जागा उरली नाही. त्या तरुणांना दोष देऊ नये, त्यांनाही जिवाची धास्ती होती. दोष नियमाचा होता.

आणि हे आधी कळायला हवे होते. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, ज्यांनी कधी तरी इंटरनेट वापरले आहे अशा स्त्रिया देशात जेमतेम ३३ टक्के. ग्रामीण भागात २५ टक्केही नाहीत. अशा देशात लशीचा एकमेव रस्ता स्मार्टफोनमधून काढणे हा अन्याय होता. सर्वोच्च न्यायालयानेही ३१ मेच्या आदेशात या डिजिटल दरीवर बोट ठेवले.

त्याआधी, २४ मेपासून, सरकारी केंद्रांवर थेट नोंदणीची मुभा मिळाली होती. २१ जूनपासून ती सर्व प्रौढांना खुली झाली. मग आशाताई याद्या घेऊन दारोदार गेल्या, माणसांना केंद्रावर घेऊन आल्या, आणि ऑपरेटर आधार कार्ड बघून नाव भरू लागला. कोविन तेच राहिले. नोंद करण्याचे काम तेवढे नागरिकाच्या अंगावरून कर्मचाऱ्याकडे आले, आणि माझ्या मते ते पहिल्या दिवसापासून तिथेच असायला हवे होते.

तुमच्या गावात, वस्तीत तेव्हा नोंदणी कशी झाली, कोण मदतीला धावले, हे आम्हाला जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात ई-संजीवनी : फोनवरचा डॉक्टर.